सोहोतलं दळण

आई बेळगावची, त्यामुळे आमच्या घरची सकाळ कॉफीची. गेल्या उन्हाळ्यात ती लंडनला आली ती पितळी फिल्टर साडीत गुंडाळूनच. पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. सुपरमार्केटमधून आणलेली पूड भरली, वरून उकळतं पाणी ओतलं, आणि ते बघता बघता खाली. डिकॉक्शन कसलं, गढूळ पाणी! दुसरं पाकीट एस्प्रेसोचं, पिठासारखं बारीक. त्यात पाणी रात्रभर तुंबून राहिलं. आधी "इथल्या दुधातच दम नाही" म्हणणारी आई चौथ्या दिवशी म्हणाली, "माझ्याच हाताची चव गेली गं." ते मात्र मला ऐकवेना.

शनिवारी तिला घेऊन सोहो गाठलं. ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवर लाल दर्शनी भागाचं अल्जेरियन कॉफी स्टोअर्स १८८७ पासून आहे. दुकान एवढंसं, पण वास दारातच अडवतो. बिया निवडल्यावर काउंटरमागच्या माणसाने विचारलं, "कॉफी करणार कशात?" आईने पर्समधून चक्क फिल्टरच काढला! त्याने भोकं उजेडात धरून पाहिली आणि एस्प्रेसोपेक्षा जरा जाड, कॅफेतिएरला लागते त्याहून बरीच बारीक अशी पूड दळून दिली.

गोष्ट साधी आहे. कण जाड असले की पाणी भरकन निघून जातं, अर्क कणांतच राहतो. फार बारीक असले की पाण्याची वाट बंद, आणि रेंगाळलेलं पाणी कडवटपणाही ओढून आणतं. शिवाय दळल्याबरोबर कणाकणाला हवा लागते आणि वास उडू लागतो. अख्ख्या बिया काही आठवडे टिकतात, पूड मात्र थोड्याच दिवसांत मलूल होते. कॉफीत जायफळ ऐन वेळी का किसायचं, हे मला त्या दुकानात उभं राहून कळलं. (आईला ते कधीपासूनच ठाऊक होतं, म्हणा.)

रात्री फिल्टर भरून ठेवला. बराच वेळ थेंब-थेंब ऐकू येत होतं. सकाळी आईने ओट्याशी उभ्याउभ्याच पहिला घोट घेतला. बोलली काही नाही. माझ्या कपावर जायफळ किसलं आणि स्वतःसाठी अजून अर्धा कप केला.

परत जाताना तिने फिल्टर बॅगेत भरला नाही. विमानतळावर म्हणाली, "एका वेळी पाव किलोच आणत जा गं. आणि दळताना फिल्टर दाखव त्याला."