पाडव्याचा मुहूर्त आणि साडेतीन फुटांचा ट्रॅक्टर

आमच्याकडे वाटण्या झाल्या तेव्हा दादाच्या वाट्याला पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर गेला आणि माझ्याकडे विहीर आली. हिशेब सरळ होता, कुणाची तक्रार नव्हती. शहादा तालुक्यात, प्रकाशा गावाच्या अलीकडे, साडेचार एकर काळं रान. कापूस, हरभरा, थोडा गहू, कधी अर्धा एकर मिरची. पहिली एक-दोन वर्षं नांगरटीला आणि रोटाव्हेटरला मी दादाचाच ट्रॅक्टर सांगायचो. दादा कधी नाही म्हणाला नाही. पण आधी त्याचं रान, मग वहिनीच्या माहेरचं, मग रोख देणारी गिऱ्हाइकं आणि मग मी. काळ्या जमिनीत वापसा फार थोडे दिवस राहतो. आधी शिरलात तर चिखल तुडवता, उशीर केलात तर वखर टेकत नाही. वापसा कुणाच्या नंबरासाठी थांबत नाही.

म्हणून मी मिनी ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं, असं मी लोकांना सांगत होतो. खरं कारण निराळं होतं. माझ्या अंगणात माझा ट्रॅक्टर उभा हवा होता आणि तो दादाच्या ओट्यावरून दिसायला हवा होता. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघाल्या.

घरात खर्चाची वही बायको लिहिते. ती म्हणाली, "आधी वही तर बघा, भाडं कशाकशाला गेलं ते." मी म्हटलं, त्यात काय बघायचं, भाडं ते भाडं. ती वही मी ट्रॅक्टर आल्यावर उघडली. भाड्याचा मोठा हिस्सा तीन कामांत गेला होता: उन्हाळी पलटी नांगरट, कापूस निघाल्यावर पऱ्हाट्यांवर फिरवायचा श्रेडर आणि हरभऱ्या-गव्हाची मळणी. या तिन्ही कामांना दणकट ट्रॅक्टर लागतो. म्हणजे ज्या खर्चाच्या नावानं मी कर्ज काढलं, तो खर्च माझा ट्रॅक्टर वाचवूच शकत नव्हता. पऱ्हाट्यांचं काम टाळताही येत नाही. गुलाबी बोंडअळी आल्यापासून कापूस डिसेंबर-जानेवारीत संपवून रान मोकळं करावं लागतं, नाहीतर अळी पऱ्हाट्यांत आणि उरलेल्या बोंडांत दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात पुन्हा उभी राहते.

निवड कशी केली तेही सांगतो. शोरूमला गेलो आणि एचपी विचारला. बस. बाजारात तेव्हा चांगली रेंज होती. महिंद्राचा युवराज २१५ हा पंधरा एचपीचा, एका सिलिंडरचा. स्वराजचा कोड नुकताच, २०२१ मध्ये, आलेला, अकरा एचपीचा, ओळीतून फिरवायच्या कामासाठीच बेतलेला. कुबोटाचा निओस्टार ए२११एन एकवीस एचपीचा आणि चारही चाकं ओढणारा. चार चाकं ओढणाऱ्याची किंमत ऐकली आणि मी तिथंच पान उलटलं. घेतला तो वीसच्या आतला, मागची दोनच चाकं ओढणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यंत्रात खोट नव्हती. ते ज्या कामासाठी केलं होतं, ते काम मी त्याला दिलंच नाही.

एचपीचा आकडा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर फिरतो तो पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथं पोचेपर्यंत त्यातली थोडी ताकद गळते. उचलण्याचं तसंच. पत्रकात साडेसातशे किलो लिहिलेलं असतं ते खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी मोजलेलं. अवजाराचं वजन जितकं मागं जाईल तितकी उचल कमी. हे सगळं मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालात छापलेलं असतं: पीटीओवर किती एचपी, ओढ किती, डिझेल किती जाळतो, किती उचलतो. अनुदानाच्या अर्जाला हाच अहवाल जोडावा लागतो. मी त्याची झेरॉक्स काढली, पिशवीत घातली आणि एक ओळही वाचली नाही.

ट्रॅक्टरच्या किमतीत माझे पैसे संपले. अवजारांना काही उरलं नाही. म्हणून साडूचा जुना पाच फुटी रोटाव्हेटर आणला. तो पस्तीस-चाळीस एचपीच्या मागं चालणारा. माझ्या रानात पहिल्याच तासाला इंजिनाचा आवाज बसला. खोली कमी केली तर वरवर खरवडून निघायचं, खाली घातला तर धूर. बांध चढताना हायड्रॉलिक वर घेतलं आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली. स्टिअरिंग एकदम हलकं झालं. ते हातांना कळलं तेव्हा पोटात गोळा आला. क्लच दाबून, ब्रेक धरून कसाबसा मागं घेतला. बांधावर शेजारचे आबा उभे होते. ते म्हणाले, "भो, हाऊ ट्रॅक्टर शे का खेयनं?" मला राग आला, पण पुढं वजनं लावलेली नव्हती हे खरंच होतं. ती वेगळी मिळतात आणि मी पैसे वाचवले होते.

आता मुहूर्ताचं. महाडीबीटी पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज केला होता, सोडतीत नाव लागलं होतं, कागद चढवले होते. नियम साधा आहे: आधी पूर्वसंमती, मग खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला होता आणि पत्र आलेलं नव्हतं. सगळे म्हणाले, थांब. पण गल्लीत पाडव्याला दोन ट्रॅक्टर येणार होते आणि मला तिसरा व्हायचं होतं. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले, बिलावर तारीख पडली. लहान शेतकऱ्याला ट्रॅक्टरवर सव्वा लाखापर्यंत मिळणारं अनुदान त्या तारखेनं गेलं. कृषी कार्यालयात कुणी मला फसवलं नाही, कुणी अडवलंही नाही. त्यांनी फक्त तारखेवर बोट ठेवलं. तेवढे पैसे भरीला असते तर चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर नाहीतर सगळी अवजारं बसली असती.

मिनी ट्रॅक्टर खरा कामाचा आहे तो आंतरमशागतीला, हे मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर बैलजोडी विकली. ही चूक मला अजून टोचते, कारण तीत घाई सोडून दुसरं काही नव्हतं. माझा कापूस चार फुटांवर, ठिबकच्या नळ्या त्याच मापानं टाकलेल्या. ट्रॅक्टरची रुंदी टायरच्या बाहेरच्या कडांशी साडेतीन फूट. म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच, तेही ओळ सुतात असेल तर. जुलैत रोप गुडघ्याखाली असताना छान गेला. बैलांचं कोळपं दिवसभर घ्यायचं ते काम दुपारपर्यंत संपलं. मी दोन दिवस मिशीला पीळ देऊन फिरलो. ऑगस्टमध्ये पाऊस उघडेना, तण वर आलं, आणि वापसा आला तोवर कापसाच्या फांद्या ओळीत शिरल्या होत्या. सरीच्या टोकाला पोचून मागं पाहिलं तर मागच्या टायरच्या खोबणीत पात्या अडकलेल्या. फुलं धरायच्या आधीच्या त्या हिरव्या कळ्या, चिरडून काळपट झालेल्या. सहा ओळी झाल्यावर इंजिन बंद केलं. पुढच्या दोन कोळपण्या शेजाऱ्याची बैलजोडी भाड्यानं लावून केल्या. जोडी विकणाऱ्यानं जोडी भाड्यानं आणली म्हटल्यावर गावाला पोळ्यापर्यंत विषय मिळाला.

बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांची मागची चाकं आतबाहेर करता येतात, रिम उलटी बसवली की दोन चाकांतलं अंतर बदलतं, हे मला मेकॅनिकनं दुसऱ्या वर्षी सांगितलं. माहितीपुस्तिकेत चित्रासकट होतं. पुस्तिका देवघराखालच्या कप्प्यात, प्लॅस्टिकमध्ये.

मेकॅनिकचंही ऐका. घेताना सर्व्हिस कुठं मिळेल हे मी विचारलं नाही. जवळच्या गावात मोठ्या ट्रॅक्टरांचे कारागीर भरपूर, पण या लहान इंजिनाचा फिल्टर, बेअरिंग, सील म्हटलं की "मागवावं लागेल." पन्नास तासांची पहिली सर्व्हिस मी अशीच ढकलली. मे महिन्यात रोटाव्हेटर मारताना आपल्याकडची धूळ किती उडते ते सांगायला नको. एक दिवस ताकद कमी वाटली म्हणून एअर क्लीनरची खालची वाटी उघडली. तेलाच्या जागी पिठल्यासारखा घट्ट, करडा गाळ. बोट घातलं तर उभं राहिलं. हे तेल धुळीच्या दिवसांत रोज बघायचं असतं आणि दोन-पाच मिनिटांचं काम आहे. मी गाडी रोज पुसत होतो. बॉनेट चकाचक होतं.

सगळं वाईटच झालं असं नाही. साडूचा रोटाव्हेटर परत केला आणि ट्रॅक्टरच्या मापाचा तीन फुटी घेतला. तो मिरचीच्या रानात लोण्यातून गेल्यासारखा चालतो. पुढची वजनं बसवली. फवारणीचा ब्लोअर जोडला. आणि इथंच गंमत झाली. दादाची पपई आठ फुटांवर आहे. पंचेचाळीसचा त्यात शिरला की पानं मोडतात, आणि रोगापासून बाग जपणाऱ्या पपईवाल्याला जखम झालेलं झाड नको असतं. एका संध्याकाळी तो ओट्यावर आला, चहा घेतला, तंबाखू मळली आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "तुझं ते लहान यंत्र उद्या रिकामं आहे का?" आता त्याच्या पपईत माझा ट्रॅक्टर फवारतो आणि माझी नांगरट त्याचा पलटी करतो. तास वहीत लिहिले जातात. वही दोन्ही घरांची एकच, लिहिते माझी बायको, आणि दादाला ती माझ्याइतकीच सवलत देते, म्हणजे काहीच नाही.

आता कुणी विचारायला आलं की मी कंपनी सांगत नाही. टेप घेऊन त्याच्या रानात जातो. ओळींचं अंतर, नळ्यांचं अंतर, धुऱ्यावर वळायला किती जागा, बांध किती उंच. मग घरी येऊन त्याच्या वर्षभराच्या भाड्याच्या पावत्या मागतो. निम्म्या लोकांना मी ट्रॅक्टर घेऊच नका म्हणून सांगितलं आहे, त्यातल्या काहींनी तरीही घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तेव्हापासून विचारणारे वाढलेत. स्वस्त झालं हे खरं. पण कर कमी झाल्यानं माझ्या दोन ओळींतलं अंतर वाढलं नाही.

ते अंतर मलाच वाढवावं लागणार आहे. जोडओळ करायची, दोन ओळी जवळ आणि मध्ये पाच-साडेपाच फुटांचा पट्टा मोकळा, म्हणजे ट्रॅक्टर सप्टेंबरपर्यंत फिरेल. पण मग ठिबकच्या नळ्या हलवायच्या, काही नव्या घ्यायच्या. साडेचारही एकरांवर हा खर्च एकदम झेपणार नाही. म्हणून यंदा विहिरीकडच्या दीड एकरावर करून बघतोय. उरलेल्या तीन एकरांसाठी आबांना बैलजोडी आत्ताच सांगून ठेवली आहे. त्यांनी भाडं वाढवलंय.