कारणाचा रकाना

'मंदी आली की आत्महत्या वाढतात का? सोपं करून लिहा,' असा संपादकांचा निरोप आला, आणि मला पहिल्यांदा म्हैसाळच आठवलं.

२० जून २०२२. मिरज तालुक्यातल्या या गावात एकाच कुटुंबातले नऊ जण मृत सापडले. दुपारी माझ्या ओपीडीत जो तो म्हणत होता, 'सावकारीनं घर संपवलं, डॉक्टर.' मीही मान डोलावली. आठवड्याभरात पोलिसांनी हे खून असल्याचं सांगून दोघांना अटक केली. आयुष्यभर मनोविकारांवर काम करूनही 'कर्ज' हा शब्द कानावर पडताच मी पुढचं विचारायचं थांबलो होतो. ते अजून सलतं.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालात २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत; सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात. कारणांत कर्ज-दिवाळखोरी ४.१ टक्के, कौटुंबिक प्रश्न ३१.७. एवढं वाचून शिकलेली माणसंही म्हणतात, 'म्हणजे पैशाचा संबंध नाहीच.' याचा मला संताप येतो. तो रकाना पोलीस भरतात, घरच्यांच्या जबाबावरून, घरात रडारड चालू असताना. हप्ता थकला, म्हणून दारू वाढली, म्हणून बायको माहेरी गेली. यातलं एकच लिहायचं तर 'कौटुंबिक' लिहिलं जातं. त्याच अहवालात व्यवसायाचा तक्ता बघा: २६.४ टक्के रोजंदारीवरचे!

मग गरिबीच कारण म्हणावं, तर लाखामागे बिहारचा दर ०.६, सिक्कीमचा ४३.१. बिहारच्या आकड्यावर माझा पूर्ण विश्वास नाही, पोलिसांच्या भीतीनं आणि अब्रूपायी अशी मरणं लपवली जातात. तरी निव्वळ गरिबीनं हे कोडं सुटत नाही. सुबत्ता एकदम उसळली तरी आत्महत्या वाढतात, असं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ द्युरखाइमनं १८९७ मध्येच मांडलं होतं. जपानात बँका कोसळल्यावर १९९७ चा २४ हजारांचा आकडा वर्षभरात ३२ हजारांवर गेला. जपान काही एका वर्षात कंगाल झाला नव्हता. स्वीडनमध्ये १९९० नंतर बेकारी भडकली, आत्महत्या मात्र कमी होत गेल्या. काम सुटलेल्याला पुन्हा कामाला लावायची व्यवस्था तिथं होती. माणूस मोडतो तो घसरणीनं, आणि ती घसरण एकट्यानं लपवताना.

आमच्या भागातला एक द्राक्षबागायतदार झोपेच्या तक्रारीनं यायचा. दोनदा मी नुसत्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा विचारलं, 'देणं कुणाचं किती?' त्यानं खिशातून घामानं मऊ पडलेली चिठ्ठी काढली. व्यापारी माल उचलून पसार झालेला. खाली औषध दुकान, हातउसने, शेकडा दहानं घेतलेले. 'पैशाचं जाऊ द्या, पावण्यांत तोंड कसं दावू?' मरणाचे विचार येतात का, हे मी सरळ विचारलं. असं विचारल्यानं ते विचार डोक्यात घुसतात, हा समज साफ खोटा आहे. तो बराच वेळ गप्प बसला, मग 'हो' म्हणाला. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच चिठ्ठीवर लिहून दिला.

'घरी माहितीये?' मान नकारार्थी हलली. बायको बाहेर बाकावरच होती. त्याला विचारून तिला आत बोलावलं. तिनं चष्मा लावला, चिठ्ठीवरून बोट फिरवत खालपर्यंत आली आणि म्हणाली, 'ह्यात सोसायटीचं धरलं न्हाई तुमी.'