पेन्सिलीची खूण

माझे आजोबा बोटीवर आगवाले होते. लिव्हरपूल, ग्लासगो ही नावे आमच्या घरात महाड-चिपळूणइतकीच परिचयाची. "विलायतेत झाड नाही, नुसती धुराडी," असे ते सांगत. बंदरापलीकडचे इंग्लंड त्यांना कधी दिसलेच नाही. त्यामुळे 2016 च्या जानेवारीत मी दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन मेरिडेन नावाच्या गावात उतरले, तेव्हा चारी बाजूंना शेते आणि निष्पर्ण झाडे बघून मला आजोबांची आठवण झाली आणि थोडे हसूही आले.

माझ्या पतीला कंपनीने वर्षभरासाठी पाठवले होते. मी रायगड जिल्ह्यातल्या उर्दू हायस्कुलातून बिनपगारी रजा घेतली होती. मेरिडेनच्या एका बाजूला बर्मिंगहॅम आणि दुसऱ्या बाजूला कोव्हेंट्री. वस्ती तीन हजारांच्या आसपास. टेकडीवर जुने चर्च, खाली बदकांचे तळे, हिरवळीवर एक झिजलेला दगडी खांब. इंग्लंडचा मध्यबिंदू हाच, असे गावकरी पिढ्यानपिढ्या मानत आलेले. 2002 साली सरकारी नकाशा खात्याने मोजणी करून तो मध्य लेस्टरशायरमधल्या एका शेतात असल्याचे सांगितले. गावाने ते फारसे मनावर घेतलेले दिसले नाही.

दोन्ही शहरे वाढत वाढत एकमेकांना भिडू नयेत म्हणून मधली शेती राखून ठेवली आहे. त्याला ते ग्रीन बेल्ट म्हणतात. पेण-पनवेलकडची भातशेती कशी पाहता पाहता प्लॉटमध्ये गेली हे मी पाहिले आहे. त्यामुळे विमानतळाला लागून मेंढ्या चरताना बघून मला नवल वाटे. त्याहून नवल पाऊलवाटांचे. खासगी शेतातून, भर पिकातून वाट जाते. कुंपणाशी चढून उतरायला लाकडी पायरी, खांबावर पिवळा बाण. त्या वाटेने कुणीही जावे, मालकाला अडवता येत नाही. 1949 च्या कायद्याने या सगळ्या वाटा नकाशावर नोंदवायला लावल्या. आमच्या गावात एका पाणंदीच्या वहिवाटीवरून दोन चुलतघरे वीस वर्षे कोर्टात आहेत. एका घरात लग्न निघाले की दुसऱ्या घरातले पुरुष मुंबईला निघून जातात.

वाटा मोकळ्या होत्या, पण मी एकटीच होते. चार वाजता अंधार पडे. अजानचा आवाज नाही, कुणाच्या घरची भांडी वाजत नाहीत, दारात कुणी "काय करतेस गं" म्हणत उभे राहात नाही. आमच्या गल्लीत आम्ही एकच मुसलमान घर. हलाल मटणासाठी शनिवारी बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागात जायचे. तिथल्या बाजाराच्या रस्त्याचे नाव मात्र कोव्हेंट्री रोड. तिथे सगळे मिळे. मशिदी, कसाई, उर्दू पाट्या, बुरखे, कपड्यांची दुकाने. पतीचे म्हणणे, तिथेच खोली घेऊ, तुझा जीव रमेल. मी नाही म्हणाले. का, ते मला तेव्हा नीट सांगता आले नाही. कदाचित शेते बघून रोज सकाळी थोडे कोकणात असल्यासारखे वाटे म्हणून असेल. आणि दुसरे कारण आमची शेजारीण.

ती पोलंडची. चाळिशी ओलांडलेली. 2004 साली पोलंड युरोपीय संघात आला आणि दुसऱ्याच वर्षी ती इंग्लंडला आली. वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची. इंग्रजी तिचेही मोडके, माझेही बी.एड.च्या परीक्षेपुरते. त्यामुळे आम्हा दोघींचे चांगले जमले. फेब्रुवारीत मुलाला ताप चढला, पती कोव्हेंट्रीला अडकलेले. ही रात्रपाळीवरून नुकती परतलेली, तोंडही न धुता आम्हाला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेली आणि दुपारपर्यंत खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत राहिली. मी सख्ख्या बहिणीला सांगितले असते तर तिने एवढेच केले असते.

जूनमध्ये रमजान आला. उन्हाळ्यात तिथे रात्रीही आकाश पुरते काळे होत नाही, त्यामुळे सेहरी कधी संपवायची यावर मशिदीमशिदींचे तक्ते वेगळे. सूर्य मावळायचा साडेनऊला. रोजा अठरा तासांच्या वर जाई. शेजारणीने सगळे विचारून घेतले आणि मग ज्या रात्री तिची पाळी नसेल त्या रात्री साडेनऊला कुंपणावरून काहीतरी यायचे. कधी बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या, कधी बटाट्याचे करंज्यांसारखे काही. "मांस नाही, दारू नाही, वाचून घे," असे म्हणून ती पाकीटसुद्धा दाखवायची.

त्याच महिन्यात, 23 जूनला, ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे यावर सार्वमत होते. आमच्या नावाने मतदानाची कार्डे आली तेव्हा मला वाटले चूक झाली. चूक नव्हती. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून कायदेशीर राहणाऱ्या भारतीयाला तिथे मत देता येते. मी देशात येऊन पाच महिने झाले होते आणि मला मत होते. अकरा वर्षे तिथल्या म्हाताऱ्यांची अंथरुणे बदलणाऱ्या माझ्या शेजारणीला मात्र या मतदानात मत नव्हते. मी तिला कार्ड दाखवले तेव्हा ती खूप हसली. "इंग्रजांनी तुमच्यावर राज्य केले, त्याची भरपाई," म्हणाली.

त्या दिवसांत प्रचार कसा चालला होता हे वाचकांनी तेव्हा वाचले असेल. निर्वासितांच्या रांगेचे एक मोठे पोस्टर 16 जूनला झळकले. त्यातले चेहरे आपल्यासारखे होते. त्याच दिवशी जो कॉक्स या खासदार बाईंचा खून झाला. मला वाटले होते, हे पाहून तरी आपले लोक शहाणे होतील. पण स्मॉल हीथला एका ओळखीच्या घरी इफ्तारला गेलो तर तिथे वेगळीच हवा. पोल लोकांनी कामे बळकावली, पोल गेले की आपल्या माणसांना व्हिसा मिळेल, हॉटेलांना आचारी मिळत नाहीत ते मिळतील. बांगलादेशी हॉटेलवाल्यांची संघटनाच बाहेर पडण्याच्या बाजूने उभी होती. माझे धाकटे दीर तेव्हा कुवेतमध्ये हॉटेलात आचारी. पती परतताना गाडीत एवढेच म्हणाले, "त्याचे काम होईल असे सगळे म्हणताहेत." मी काही बोलले नाही. सासूबाईंचा फोन दर जुम्म्याला यायचा आणि प्रत्येक फोनमध्ये दिरांचे नाव असायचे.

23 तारखेला, सतराव्या-अठराव्या रोजाला, मी संध्याकाळी मत द्यायला गेले. 2014 ला मी लोकसभा आणि विधानसभा दोन्हींची ड्युटी केली होती. शाई लावण्याचे काम माझ्याकडे. त्यामुळे माझी नजर मतदाराची कमी, मतदान अधिकाऱ्याची जास्त. पोलीस नाही, रांग नाही, शंभर मीटरची चुन्याची रेघ नाही. टेबलाशी बसलेल्या बाईंनी नाव-पत्ता विचारला, यादीत रेघ मारली आणि कागद हातात दिला. ओळखपत्र मागितले नाही. (ते तिथे 2023 पासून लागू झाले.) बोटाला शाई नाही. आडोशात दोरीने बांधलेली पेन्सिल! आमच्याकडे पेन्सिलीने मत घेतले तर गावात दंगल होईल. त्या दिवशी तिथेही अफवा होती की पेन्सिल खोडून मते बदलतील, आणि काहीजण घरून पेन घेऊन आले होते.

मी पेन्सिल उचलली. कागदावर दोन चौकोन. राहावे, बाहेर पडावे.

मी खालच्या चौकोनात फुली केली. बाहेर पडावे.

हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. पतींना वाटते त्यांच्या सांगण्यावरून मी तसे केले असेल, पण त्यांनी कधी विचारले नाही. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. शिकलेली बाई, वर्गात मुलींना सांगते की मत स्वतःच्या बुद्धीने द्यावे. त्या क्षणी माझ्या बुद्धीत दीर होते, सासूबाई होत्या, आणि खरे सांगायचे तर एक बारीकसा आनंदही होता, की इथे कुणीतरी माझ्याहून परके आहे.

रात्री सेहरीला उठलो तेव्हा टीव्हीवर निकाल येत होते. सोलिहल, म्हणजे आमचा तालुका म्हणा, तिथे 56 टक्के लोकांनी बाहेर पडण्याला कौल दिला. बर्मिंगहॅममध्येही, अगदी थोडक्या फरकाने, तेच. सूर्य उगवायच्या सुमारास बीबीसीने जाहीर केले की ब्रिटन बाहेर पडले. पती नमाज पढून झोपले. मी खिडकीशी बसून राहिले. सातच्या सुमारास शेजारणीची गाडी आली. गाडीतून उतरून ती बराच वेळ तिथेच उभी होती. तिने वर पाहिले आणि मी मागे सरकले.

त्या दिवशी संध्याकाळी ती येणार नाही असे वाटले होते. बरोबर साडेनऊला कुंपणावर वाडगे आले. स्ट्रॉबेऱ्या. डोळे सुजलेले. वृद्धाश्रमातल्या एका आजोबांनी पहाटे तिला विचारले होते, "मग आता तू घरी जाणार ना?" ते प्रेमाने विचारत होते, असे ती म्हणाली. मग तिने मला विचारले, "तू मत दिलेस?"

"दिले."

"थँक यू," ती म्हणाली आणि माझा हात दाबला.

मी तेव्हाच सांगायला हवे होते. खजुराचे बी तोंडात होते, अजानची वेळ मोबाइलवर वाजत होती, मुलगा वाडग्यात हात घालत होता. मी काहीच बोलले नाही. पुढे सहा महिने आम्ही त्याच पाऊलवाटांनी फिरलो, ती मला जंगली ब्लॅकबेऱ्या कुठे मिळतात ते दाखवत राहिली, आणि प्रत्येक वेळी कुंपणाची पायरी उतरताना ती माझा हात धरायची, कारण मला सलवार सावरायची सवय नव्हती.

जानेवारी 2017 मध्ये आम्ही परतलो. दिरांना इंग्लंडचा व्हिसा काही मिळाला नाही. ते आता कतारमध्ये आहेत.

युरोपातून आलेल्या लोकांना ब्रिटनमध्ये राहायचे तर 30 जून 2021 पर्यंत अर्ज करायचा होता. त्याच्या थोडे आधी तिचा व्हॉट्सॲपवर संदेश आला. कायम राहण्याची परवानगी मिळाल्याच्या पत्राचा फोटो. अकरा वर्षांची आता सोळा झाली होती. खाली लिहिले होते, "ज्यांनी आमच्यासाठी मत दिले त्या सगळ्यांना कळवते आहे."

शाळा तेव्हा बंद होत्या, ऑनलाइन तास चालू होता. स्क्रीनवर अठ्ठावीस मुली होत्या. मी त्यांना पाच मिनिटे धडा वाचायला सांगितला आणि "मुबारक" असे टाइप केले. मग खोडले. मग पुन्हा टाइप केले आणि पाठवले.