दिलेली मान्यता

‘मान्यता’ हा शब्द आम्हां महाविद्यालयीन अध्यापकांच्या चांगलाच परिचयाचा. नेमणूक होते, तास सुरू होतात, परीक्षाही पार पडतात. पण नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता येईपर्यंत आपण कागदोपत्री अध्यापक नसतो. राष्ट्रांचेही असेच असते, आणि त्यांना दिलेली मान्यता पुढे काढूनही घेता येते, हे आम्हांला बरेच उशिरा कळले. ज्या देशाचे उदाहरण वाचून कळले, तो आपलाच देश होता.

स्पेनने पश्चिम सहारा सोडला तेव्हा, २७ फेब्रुवारी १९७६ रोजी, पोलिसारियो या संघटनेने ‘सहारवी अरब लोकशाही प्रजासत्ताक’ घोषित केले. मोरोक्कोचा या भूमीवर दावा होता. तेथे त्याचे सार्वभौमत्व सिद्ध होत नाही, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७५ मध्येच दिले होते. तरी बहुतेक भूमी मोरोक्कोच्या ताब्यात गेली. भारताने १९८५ मध्ये या प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि २००० मध्ये ती काढून घेतली.

मधल्या पंधरा वर्षांत सहारवींची बाजू अन्याय्य ठरली होती काय? तसे दिसत नाही. १९९१ मध्ये युद्धविराम झाला, सार्वमताचे आश्वासन मिळाले. मतदार कोण या वादात ते आजतागायत झालेले नाही. अशा वेळी काळ भूमी ताब्यात असणाऱ्याच्या बाजूने असतो. मोरोक्कोजवळ फॉस्फेटचे प्रचंड साठे आहेत आणि आपल्या खत कारखान्यांना फॉस्फेट बाहेरून आणावे लागते. १९९९ मध्ये पंतप्रधान वाजपेयी मोरोक्कोला जाऊन आले. पुढच्याच वर्षी मान्यता गेली. या घटनांचा संबंध आम्ही जोडतो तो आमच्या जबाबदारीवर. पण तो न जोडणे आम्हांला जमत नाही.

चिमुकल्या तुवालूनेही २०११ मध्ये अबखाझियाला दिलेली मान्यता २०१४ मध्ये, जॉर्जियाशी संबंध जोडताना, मागे घेतली. मान्यता एकदा दिली की ती बिनशर्त आणि अपरिवर्तनीय, असे अमेरिका खंडातील देशांच्या १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात लिहिलेले आहे. व्यवहार मात्र निराळा चालतो. दुबळ्याची मान्यता काढून घेण्याची किंमत फारशी पडत नाही, कारण उलट काढून घेण्याजोगे त्याच्यापाशी काहीच नसते.

हे वाचून आम्ही दिल्लीवर मनसोक्त टीका केली असती. पण आमच्या गावाकडच्या शेतीत पेरणीला डीएपी लागते. ते वेळेवर मिळाले नाही की, सरकार झोपले आहे काय, असे ओरडणाऱ्यांत आम्हीही असतो. त्या पोत्यातल्या स्फुरदाचा काही अंश मोरोक्कोतून आलेला असू शकतो. म्हणजे या व्यवहाराचे लाभार्थी आम्हीही आहोत. पेरणी थांबवावी असे आम्ही म्हणणार नाही. फक्त दिलेला शब्द कशासाठी मोडला गेला, हे आपण आपल्याशी तरी कबूल करावे.

अल्जीरियातल्या टिंडूफजवळ सहारवी निर्वासितांच्या छावण्या आहेत. एल आयून, स्मारा, दाखला ही त्यांची नावे मागे राहिलेल्या गावांची आहेत. जन्मापासून स्मारा छावणीत वाढलेल्या मुलाने खरे स्मारा पाहिलेले नसते. मान्यता असती तरी ते त्याला दिसले असते असे नाही. पण एका मोठ्या देशाने आपले अस्तित्व एकदा मान्य केले होते आणि पुढे ते मागे घेतले, हे त्याला कोणी कसे समजावून सांगत असेल, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.