किनाऱ्यावर थांबलेले गुरू

१० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ ही शिडाची नौका निघाली. तिच्यावर नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या. पुरुष एकही नव्हता. नेतृत्व वर्तिका जोशी यांचे. केप हॉर्न ओलांडून, २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी त्या पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतल्या.

मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांच्या गुरूंचे वर्तन. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे यांनी त्यांना तयार केले आणि निघण्याच्या दिवशी स्वतः किनाऱ्यावर थांबले.

आमच्या बीडला समुद्र नाही, पेढ्या आहेत. बँकेच्या सेवेत मी भागीदारीची अनेक कर्जप्रकरणे पाहिली. पत्नी किंवा सून कागदावर भागीदार असे. “सही कोठे करू?” एवढेच ती विचारी. ताळेबंद तिला कोणी दाखवीत नसे. कर्जाची जबाबदारी मात्र पुरेपूर! मालक अकस्मात गेले की तीच उधारीची वही घेऊन आमच्यासमोर बसे आणि कोणाकडून किती येणे आहे, हे आम्हालाच विचारी.

यंदा दिवाळीनंतर एक महिना येणी सुनेने वसूल करावीत. शेठजींनी त्या महिन्यात गल्ल्यावर बसू नये. दुकानासमोरून फेऱ्याही मारू नयेत.