आट्याच्या मुळाशी

ड्रिल कॉलर, म्हणजे विहीर खणताना लागणारी जाड नळी, तुटून आली की गिऱ्हाईक आधी पोलादावर घसरतं. 'माल हलका होता का हो?' मी तुटलेल्या तोंडाकडे बघतो. तिथं शिंपल्यावर असतात तशा वळ्या दिसल्या की पोलाद बहुतेक निर्दोष सुटतं. भेग आधीपासून हळूहळू सरकत आलेली असते.

राहायला सीवूड्स, काम तळोज्याला, आणि पोट समुद्रातल्या विहिरी खणणाऱ्या नळ्यांच्या जोडांवर. खाडीपलीकडच्या न्हाव्याहून ओएनजीसीचं सामान मुंबई हायला जातं. 'सागर सम्राट' या रिगला तिथं १९७४ मध्ये तेल लागलं. एकाच प्लॅटफॉर्मवरून चहूकडे तिरप्या विहिरी खणायच्या, म्हणजे नळीला वळण आलंच. वळणात फिरणारा जोड दर फेऱ्याला एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. मिनिटाला १०० फेरे धरले तरी दिवसाला १,४४,००० वेळा.

भेग पडते ती ठरलेल्या जागी: पिनच्या (बाहेरून आटे असलेल्या टोकाच्या) खांद्याजवळ, नाहीतर बॉक्सच्या (आतून आटे असलेल्या तोंडाच्या) तळाकडे, जिथं आट्यांची पकड संपते. पुढचे मोकळे आटे काही धरत नाहीत, त्यांच्या धारदार मुळाशी ताण मात्र गोळा होतो. म्हणून ते कातूनच टाकायचे. पिनवर गुळगुळीत खाच, बॉक्समध्ये तशीच गुळगुळीत पोकळी, म्हणजे बोअरबॅक. नवा पोरगा हमखास विचारतो, "काका, तयार आटे उडवायचे?" उडवायचेच. मग वाक एका रेषेवर न साचता पसरतो.

माझा जीव खरा रमतो तो कोल्ड रोलिंगमध्ये. लेथवर पिन सावकाश फिरते आणि कडक पोलादाचा छोटा रोलर हायड्रॉलिक दाबाने आट्याच्या मुळातून चालतो. कातणीच्या रेघा पुसतात, मूळ चमकतं. चमक दिखाऊ, कामाचा आहे तो कातडीत कोंडून राहिलेला दाब. बाहेरच्या ताणाला आधी तो फेडावा लागतो. गेज मात्र रोलिंगआधीच लावायचं, नंतर त्याचं माप सरकतं. आटे पुन्हा कातले तर रोलिंगही पुन्हा, कारण जुना दाब किसाबरोबर गेला. आणि आधीच पडलेली भेग रोलरने बुजत नाही. ती मॅग्नेटिक तपासणीत, काळ्या (अतिनील) दिव्याखाली शोधावी लागते.

एवढं करूनही रिगवर जोड ढिला आवळला तर खांदे दर फेऱ्याला उघडू पाहतात आणि सगळा वाक पिनवर येतो. जास्त आवळला तर पिन आधीच ताणलेली. त्यात आट्यांना हाताला लागेल तो डोप, म्हणजे ग्रीस, फासायची सवय! डोप बदलला की घर्षण बदलतं; डायलवर आकडा तोच, आवळ वेगळी. म्हणून माल पाठवताना मी टॉर्कच्या आकड्याशेजारी डोपचं नावही लिहितो, तेही लाल शाईत.