रहाट, पाट आणि पाऊस

मे महिन्याच्या उत्तरार्धात पनवेलकरांच्या तोंडी एकच विषय असतो, पाण्याचा. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी नदी रोडावते, देहरंगच्या धरणाचा तळ दिसू लागतो आणि गल्लोगल्ली टँकरची वाट पाहिली जाते. अशाच एका मे महिन्यात, सकाळची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारातील जास्वंदीला आंघोळीचे उरलेले पाणी घालीत असता एक गृहस्थ आले आणि बाकावर बसून राहिले. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहोत.

न्हावाशेवा बंदरात ट्रेलर चालविणारे हे भाविक दारूच्या आहारी गेले होते. क्रूसापुढे तीनदा शपथ घेतली, तीनदा मोडली. दोन दिवसांपूर्वी पत्नी मुलांना घेऊन माहेरी निघून गेली होती. ते इतकेच म्हणाले, "फादर, माझ्याच्यानं होत नाही."

आम्ही दिलेले उत्तर आजही आम्हांला बोचते. "तुमचे प्रयत्न कमी पडतात. मनाचा निर्धार करा," असे म्हणून आम्ही पुन्हा जास्वंदीकडे वळलो. "बरं फादर," म्हणून ते उठून गेले.

रात्री झोप येईना. गोरेगावच्या सेमिनरीत कृपेविषयीचा पाठ आम्ही मन लावून शिकलो होतो. माणूस स्वबळावर सन्मार्गाला लागू शकतो, या पेलाजियसच्या मताशी संत ऑगस्टीन यांनी दिलेला वैचारिक लढा आणि इ. स. ५२९ मधील ऑरेंजच्या धर्मपरिषदेचा निर्णय आम्ही परीक्षेत सविस्तर लिहिला होता. सत्कृत्य तर कृपेने घडतेच, परंतु देवाकडे वळण्याची पहिली इच्छाही कृपेनेच उपजते, असा तो निर्णय. म्हणजे त्या गृहस्थांची पावले आमच्या दाराकडे वळली, तीच कृपा होती. उत्तम गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याने तिला दारातूनच परत पाठविले होते!

अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या चळवळीची पहिली पायरी हीच आहे की, दारूपुढे आपण हतबल आहोत, अशी कबुली द्यावी. ते गृहस्थ त्या पायरीवर येऊन उभे होते आणि आम्ही तिला दुबळेपणा समजलो.

आविलाच्या संत तेरेजा यांनी सोळाव्या शतकात लिहिलेल्या आत्मचरित्रात प्रार्थनेला बागेच्या शिंपणाची उपमा दिली आहे. प्रथम विहिरीतून पोहऱ्याने पाणी ओढावे लागते, मग रहाटाने, मग झऱ्याच्या पाटाने आणि अखेर पाऊस पडतो. वसईच्या वाडीत वाढलेल्या आम्हांस हे समजावून सांगावे लागत नाही. पहाटे रहाटाची कुरकुर ऐकत आम्ही जागे होत असू. बैल फिरत, मडकी भरून वर येत, पाणी पाटाने केळीच्या बुंध्याशी जाई. बैलांनी फिरणे सोडले तर केळी सुकणार, हे खरे. पण विहिरीतले पाणी काही बैलांनी निर्माण केलेले नसे. विहीर आटली तर? आपण आपले काम करीत राहावे, पाण्यावाचूनही देव फुले जगवितो, असे त्या संत बाई म्हणतात.

कृपा म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. डब्लिनचे मजूर मॅट टॅलबट यांनी १८८४ साली दारू सोडली. पहिली प्रतिज्ञा अवघ्या तीन महिन्यांची होती. स्वतःचा भरवसा नव्हता म्हणून त्यांनी खिशात पैसे ठेवणेच बंद केले. कामावर जाण्यापूर्वी ते रोज मिस्साला जात. १९२५ साली मिस्साच्या वाटेवरच त्यांना मृत्यू आला. मधल्या चाळीस वर्षांत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. रिकामा खिसा हा त्यांचा रहाट होता, असे आम्हांला वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. खोलीत अंधार होता. क्षमा मागणे आम्हां धर्मगुरूंना जरा जडच जाते, तरी मागितली. ते अवघडले. "अहो फादर, तुम्ही कशाला..." म्हणत चहा ठेवायला उठले, तर घरात साखर नव्हती. बिनसाखरेचा चहा पीत आम्ही मॅट टॅलबट यांची गोष्ट सांगितली. खिशात पैसे न ठेवण्याची युक्ती त्यांना विशेष पटली. पगार पत्नीच्या हाती द्यायचा ठरला. पण त्यासाठी आधी तिने परत यायला हवे होते. त्या रात्री आम्ही दोघांनी जपमाळेचा एकच दशक म्हटला. अधिक त्यांच्याने झाले नसते, आमच्यानेही नसते.

जूनमध्ये पाऊस आला, गाढी दुथडी भरून वाहू लागली. पत्नी मुलांसह परतली. गणपतीच्या दिवसांत ते पुन्हा एकदा घसरले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्साला शेवटच्या बाकावर ते दिसले, न बोलावता आलेले. मिस्सा संपल्यावर दाराशी थांबून त्यांनी विचारले, "फादर, आजपासून पुन्हा एकपासून मोजायचं ना?"

आम्ही होय म्हटले आणि त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेलो.